परमुलखातील कोठडी आणि छत्तिसावे कलम

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून मी सॅक्रिस्टीत वस्त्रे उतरवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक माता दारात येऊन उभी राहिली. तिचा मुलगा जहाजावर नोकरीला होता. दूरच्या एका बंदरात त्याला आणि त्याच्या काही सोबत्यांना तेथील पोलिसांनी ताब्यात घेतले होते. कारण तिला ठाऊक नव्हते. तिच्या हाती होता तो दुसऱ्या खलाशाने फोनवर दिलेला तोकडा निरोप आणि बंदराचे नाव लिहिलेला कागदाचा एक चिटोरा. तिने मला वकिलाविषयी विचारले नाही, पैशाविषयीही नाही. तिने विचारले, "फादर, तिथं त्याची भाषा कुणाला कळत असेल का हो?"

पुढे आपल्या वाणिज्य दूतावासातील एक अधिकारी त्या मुलापर्यंत पोहोचला, भाषा जाणणारा वकील मिळाला आणि काही महिन्यांनी मुलगा घरी परतला. परंतु त्या मातेचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. परक्या देशात, परक्या पोलिसांपुढे उभ्या असलेल्या माणसाला कोणता आधार असतो? हा आधार कुणी निर्माण केला, केव्हा आणि किती किंमत मोजून? आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांचा एक तरी उंबरठा समुद्रापलीकडे आहे. म्हणून हा इतिहास आपल्या घरचाच आहे असे समजून तो पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

फिलिप्पैची बंदिशाळा

या इतिहासाचे एक जुने पान आपल्या परिचयाचे आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात पौल आणि सीला मासेदोनियातील फिलिप्पै नगरात येतात. हे दोघे यहुदी आहेत, परके आहेत आणि आपल्या नगरात गोंधळ माजवीत आहेत, एवढ्या आरोपावर नगराधिकारी त्यांना चौकशीविना छड्या मारवितात आणि पाय खोड्यांत अडकवून बंदिशाळेत टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी चोपदारांकरवी निरोप धाडतात की, त्यांना सोडून द्या. पौल मात्र मुकाट्याने निघून जावयास नकार देतो. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हांला चौकशीवाचून चारचौघांत मारले, तेव्हा अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे तो बजावतो. हे ऐकताच अधिकारी घाबरतात आणि येऊन त्यांची मनधरणी करतात.

बाविसाव्या अध्यायात यरुशलेमच्या गढीत हाच प्रसंग पुन्हा उद्भवतो. फटके मारण्यासाठी वाद्यांनी बांधले जात असताना पौल शताधिपतीला आपल्या नागरिकत्वाची जाणीव करून देतो आणि चाबूक तेथेच थांबतो. रोमन नागरिकाला न्यायचौकशीशिवाय फटके मारू नयेत, हे रोमच्या कायद्याने पूर्वीच ठरविले होते.

या प्रसंगाकडे आपण बहुधा पौलाच्या धैर्याचे उदाहरण म्हणून पाहतो. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, हक्क असूनही फिलिप्पैमध्ये मार बसलाच. कारण बंदिवान कोण आहे हे विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. दुसरी, हक्क उपयोगी पडला तो पौलाला तो ठाऊक होता म्हणून. तिसरी गोष्ट अधिक कठोर आहे. त्याच बंदिशाळेत इतरही कैदी होते. त्यांच्यापाशी रोमचे नागरिकत्व नसेल, तर त्यांच्या पाठीवरच्या वळांची क्षमा मागण्यास कोणताही अधिकारी येणार नव्हता. प्राचीन जगात परक्याचे संरक्षण हे त्याच्या मनुष्यपणातून येत नव्हते; त्याच्या पाठीशी असलेल्या साम्राज्याच्या सामर्थ्यातून येत होते.

बलवानांचा विशेषाधिकार

ही स्थिती पुढे शतकानुशतके टिकली. १८४७ साली ईस्टरच्या सुमारास अथेन्समध्ये एका जमावाने डॉन पॅसिफिको नावाच्या यहुदी व्यापाऱ्याचे घर लुटले. ईस्टरला यहूदाचा पुतळा जाळण्याच्या प्रथेवर त्या वर्षी बंदी आली होती आणि त्याचा राग जमावाने या यहुद्यावर काढला. स्थानिक पोलिसांनी त्याला वाचविले नाही. आपल्या सणाच्या दिवशी घडलेली ही गोष्ट ख्रिस्ती माणसाने मान खाली घालूनच वाचावी. पॅसिफिकोचा जन्म जिब्राल्टरचा असल्यामुळे तो ब्रिटिश प्रजाजन ठरत होता. ग्रीक सरकार भरपाई देईना, तेव्हा १८५० साली ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांच्या धोरणानुसार ब्रिटिश आरमाराने ग्रीसच्या बंदरांची नाकेबंदी केली. पार्लमेंटमध्ये स्वतःचे समर्थन करताना पामर्स्टन यांनी जुन्या रोमन नागरिकाचाच दाखला दिला. न्याय एका माणसाला मिळाला, पण तो तोफांच्या तोंडून मिळाला. ज्याच्या देशापाशी तोफा नव्हत्या, त्याच्या लुटलेल्या घराची दाद कोण घेणार होते?

चीनमध्ये तर याहून पुढची पायरी गाठली गेली. १८४२ चा नानकिंगचा तह आणि त्याला जोडून १८४३ साली झालेला पूरक तह यांनुसार चीनमध्ये राहणाऱ्या इंग्रजांवर खटला चालविण्याचा अधिकार चिनी न्यायालयांकडून काढून घेण्यात आला. त्यांचा न्याय त्यांचाच कॉन्सल करू लागला. ब्रिटन आणि अमेरिका यांनी हा विशेषाधिकार सोडला तो थेट १९४३ साली. आपल्या देशातही वेगळे नव्हते. १८८३ साली इल्बर्ट विधेयकाने भारतीय न्यायाधीशांना मुफसलातील युरोपियन आरोपींचे खटले चालविण्याचा अधिकार देऊ केला, तेव्हा येथील गोऱ्या समाजाने असे काही काहूर माजविले की, सरकारला नमते घ्यावे लागले. १८८४ साली संमत झालेल्या कायद्यात, युरोपियन आरोपीला निम्मे तरी युरोपियन अथवा अमेरिकन सदस्य असलेली ज्युरी मागण्याचा हक्क ठेवावा लागला.

तेव्हा परकीय रहिवाशाचा हक्क हा शब्द आपल्या पूर्वजांच्या कानाला गोड लागत नसे, हे नवल नव्हे. तो दुबळ्याची ढाल नव्हता, तर बलवानाचा विशेषाधिकार होता.

वारा फिरतो तेव्हा

परंतु वारा फिरला की बलवानही क्षणात दुबळा होतो. आपल्या मुंबई धर्मप्रांताचा इतिहास याला साक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे मिशन जर्मन येशूसंघीयांच्या हाती होते. १८६९ साली सुरू झालेले सेंट झेवियर्स कॉलेज ही त्यांच्या कष्टांची आजही उभी असलेली खूण आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात युद्ध जुंपले आणि वर्षानुवर्षे येथे शिकविणारी, पापनिवेदने ऐकणारी माणसे एका रात्रीत 'शत्रुराष्ट्राचे नागरिक' झाली. त्या काळी हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना स्थानबद्ध करून ठेवण्याची मोठी छावणी अहमदनगरला होती. १९१५ आणि १९१६ साली 'गोलकोंडा' नावाच्या जहाजाने अशा अनेक नागरिकांना मायदेशी नेले. त्यांत मिशनरीही होते. मुंबईच्या मिशनमधील जर्मन धर्मगुरूंची जागा हळूहळू इतरांना घ्यावी लागली. १९१९ साली आल्बन गुडियर हे इंग्रज येशूसंघीय मुंबईचे महागुरू झाले, त्यामागे हीच घडामोड होती.

या धर्मगुरूंनी कोणता गुन्हा केला होता? त्यांचा अपराध एवढाच की, त्यांचा पासपोर्ट चुकीच्या देशाचा होता. व्यक्तीला तिच्या कृत्यावरून नव्हे, तर तिच्या जन्मभूमीवरून कोंडून ठेवता येते, हा धडा विसाव्या शतकाने दोन महायुद्धांत अनेकदा गिरविला. त्यातूनच हळूहळू हा विचार रुजला की, परक्याचे रक्षण तोफांवर किंवा मर्जीवर सोपवून चालणार नाही. ते सर्व राष्ट्रांना सारखे बांधणारे आणि लेखी असले पाहिजे.

व्हिएन्ना, १९६३

असा लेख तयार झाला तो व्हिएन्ना येथे, २४ एप्रिल १९६३ रोजी. 'वाणिज्यदूतविषयक संबंधांचा व्हिएन्ना करार' हे त्याचे नाव. तो १९ मार्च १९६७ पासून अमलात आला. भारत १९७७ साली त्यात सामील झाला. वाणिज्यदूत, म्हणजे ज्याला आपण कॉन्सल म्हणतो, त्याचे काम केवळ व्यापार पाहणे आणि व्हिसावर शिक्का उमटविणे एवढेच नाही. परमुलखात अडचणीत सापडलेल्या स्वदेशीयांचा तो पालक असतो. एकूण ७९ कलमांच्या या करारातील छत्तिसावे कलम आपल्या विषयाचे हृदय आहे.

त्या कलमाचा आशय साध्या शब्दांत असा. परदेशी नागरिकाला अटक झाली, तर त्याने तशी इच्छा दर्शविल्यास स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याच्या देशाच्या वाणिज्यदूताला विनाविलंब कळविले पाहिजे. बंदिवानाने वाणिज्यदूताला लिहिलेले पत्र विनाविलंब पोहोचविले पाहिजे. आणि हे हक्क तुला आहेत, ही गोष्ट त्या बंदिवानाला अधिकाऱ्यांनी आपण होऊन, विनाविलंब सांगितली पाहिजे. वाणिज्यदूताला बंदिवानाची भेट घेण्याचा, त्याच्याशी बोलण्याचा, पत्रव्यवहार करण्याचा आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करण्याचा हक्क आहे.

'त्याने इच्छा दर्शविल्यास' हे शब्द अनेकांना खटकतात. सरसकट प्रत्येक अटक का कळवू नये? परंतु त्या शब्दांत शहाणपण आहे. सगळ्यांनाच आपले सरकार आपलेसे वाटते असे नाही. आपल्या देशातील छळातून पळून आलेल्या माणसाला, आपला ठावठिकाणा त्याच सरकारला कळणे म्हणजे संकट वाटते. म्हणून निवड बंदिवानाच्या हाती ठेवली. मात्र निवड करावयाची तर ती करता येते हे आधी कळले पाहिजे. सारा भार पडतो तो त्या सांगण्यावर. फिलिप्पैच्या अधिकाऱ्यांनी जे विचारले नाही, ते विचारण्याचे आणि सांगण्याचे कर्तव्य या कलमाने प्रत्येक पोलीस ठाण्यावर टाकले.

न सांगितल्याची किंमत

कर्तव्य कागदावर उमटले म्हणजे ते ठाण्यात पोहोचतेच असे नाही. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील मॅराना या गावी ७ जानेवारी १९८२ रोजी कार्ल आणि वॉल्टर लाग्रँड या दोन भावांनी एका बँकेवर दरोडा घालण्याचा प्रयत्न केला. त्यात बँकेचे ६३ वर्षांचे व्यवस्थापक भोसकले जाऊन मरण पावले आणि एक महिला कर्मचारी जबर जखमी झाली. गुन्हा भीषण होता, यात शंका नाही. १९८४ साली दोघांनाही देहदंडाची शिक्षा झाली.

हे भाऊ लहानपणीच अमेरिकेत आले होते. दिसण्या-बोलण्यात ते पुरते अमेरिकन होते. परंतु जन्माने आणि कायद्याने ते जर्मनीचे नागरिक होते. वाणिज्यदूताची मदत मागण्याचा तुम्हांला हक्क आहे, हे त्यांना कुणीही सांगितले नाही. जर्मन वाणिज्यदूताला या खटल्याची वार्ता कळली ती १९९२ साली, तीही त्या भावांकडूनच. राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना हक्कांची रीतसर जाणीव करून दिली ती डिसेंबर १९९८ मध्ये, अटकेनंतर जवळजवळ सतरा वर्षांनी.

यापुढील भाग वाचकांनी शांतपणे समजून घ्यावा. भावांनी वरच्या न्यायालयात हा मुद्दा काढला, तेव्हा उत्तर मिळाले की, तो मूळ खटल्याच्या वेळीच काढावयास हवा होता. आता उशीर झाला. मूळ खटल्याच्या वेळी तो का काढला नाही? कारण असा हक्क आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. ठाऊक का नव्हते? कारण ज्यांनी सांगावयाचे त्यांनी सांगितले नाही. म्हणजे अधिकाऱ्यांच्या चुकीचे प्रायश्चित्त बंदिवानाने घ्यावयाचे, असा हा न्याय झाला.

२४ फेब्रुवारी १९९९ रोजी कार्लला देहदंड देण्यात आला. २ मार्चला जर्मनीने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे दार ठोठावले. न्यायालयाने ३ मार्चला, सुनावणीसाठीही न थांबता, वॉल्टरचा देहदंड रोखण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचा आदेश अमेरिकेला दिला. त्याच दिवशी वॉल्टरला विषारी वायूने मारण्यात आले. २७ जून २००१ रोजी न्यायालयाने अंतिम निकाल दिला. छत्तिसावे कलम हे केवळ दोन सरकारांमधील सौजन्य नसून तो व्यक्तीचा स्वतःचा हक्क आहे आणि न्यायालयाचे तातडीचे आदेश बंधनकारक असतात, असे त्यात ठामपणे सांगितले. तत्त्व जिंकले, परंतु ज्यांच्या निमित्ताने जिंकले, ते दोघे भाऊ तोवर मातीआड गेले होते.

पुढे मेक्सिकोने अमेरिकेत देहदंडाच्या छायेत असलेल्या आपल्या नागरिकांसाठी दावा केला. ३१ मार्च २००४ च्या निकालात ५१ जणांच्या बाबतीत हक्क वेळेवर न सांगितल्याचे न्यायालयाला आढळले आणि त्यांच्या खटल्यांचा फेरविचार करण्याचा आदेश झाला. याच निकालात 'विनाविलंब' या शब्दाचा अर्थही उलगडला: अटकेच्या क्षणीच आणि जबानीपूर्वीच असा त्याचा अर्थ नसला, तरी बंदिवान परदेशी आहे हे कळताच, किंवा तसे वाटण्यास आधार मिळताच, सांगण्याचे कर्तव्य सुरू होते. ओक्लाहोमा राज्याच्या राज्यपालांनी मे २००४ मध्ये यांपैकी एकाचा देहदंड रद्द करून त्याला जन्मठेप दिली. टेक्ससमध्ये मात्र दोन अल्पवयीन मुलींच्या हत्येबद्दल दोषी ठरलेल्या होसे मेदेयिनच्या बाबतीत असे झाले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००८ मध्ये, हेगचा निकाल देशांतर्गत न्यायालयांवर आपोआप बंधनकारक नाही, असे म्हटले आणि त्याच वर्षी ५ ऑगस्टला मेदेयिनला देहदंड देण्यात आला. तत्पूर्वी २००५ सालीच अमेरिकेने, अशा दाव्यांत हेगच्या न्यायालयाचा अधिकार मान्य करणाऱ्या जोडकरारातून आपले अंग काढून घेतले होते.

मराठी मातेची भेट

या साखळीतील एक कडी आपल्या महाराष्ट्राच्या मातीत रोवलेली आहे. भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानने ३ मार्च २०१६ रोजी अटक केल्याचे जाहीर केले. ते हेर असून बलुचिस्तानात पकडले गेले, असे पाकिस्तानचे म्हणणे. इराणमधून त्यांचे अपहरण करण्यात आले, असे भारताचे. अटकेची वार्ता भारताला कळविण्यात आली ती तीन आठवड्यांनी, २५ मार्चला. भारताने पुन्हा पुन्हा मागणी करूनही आपल्या अधिकाऱ्यांना त्यांची भेट मिळाली नाही. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने त्यांना देहदंड दिल्याची घोषणा झाली. भारताने मे महिन्यात हेगला धाव घेतली. नागपूरशी जवळचे नाते असलेले हरीश साळवे यांनी एक रुपया मानधन घेऊन देशाची बाजू मांडली आणि न्यायालयाने १८ मे रोजी देहदंडाला स्थगिती दिली.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला, आपण सारे नाताळाच्या आनंदात असताना, इस्लामाबादमध्ये जाधव यांची आई आणि पत्नी यांना त्यांची भेट देण्यात आली. मध्ये काचेची भिंत होती. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी काढलेल्या निवेदनानुसार भेटीपूर्वी त्यांची मंगळसूत्रे, बांगड्या आणि कुंकू उतरविण्यात आले आणि आईला मुलाशी मातृभाषेत, म्हणजे मराठीत, बोलू दिले गेले नाही. अनादर केल्याचा आरोप पाकिस्तानने फेटाळला. राजकारणाचे वाद बाजूला ठेवले, तरी एक चित्र डोळ्यांपुढून हलत नाही: काचेपलीकडे मुलगा, काचेअलीकडे आई आणि त्या दोघांची भाषा मात्र दाराबाहेर.

१७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी पाकिस्तानने छत्तिसाव्या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला. हेरगिरीचा आरोप असलेल्यांना हे कलम लागू नाही, हा पाकिस्तानचा युक्तिवाद न्यायालयाने नाकारला. हे तत्त्व फार महत्त्वाचे आहे; कारण आरोप जितका गंभीर, तितकी आधाराची गरज मोठी. न्यायालयाने सुटकेचा आदेश दिला नाही. जाधव दोषी की निर्दोष, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच. त्याने शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्यास आणि भारतीय अधिकाऱ्यांना भेट देण्यास सांगितले. २ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय अधिकारी त्यांना प्रथमच भेटला. फेरविचारासंबंधीचा कायदा पाकिस्तानच्या संसदेने २०२१ मध्ये संमत केला.

आपल्या घरचा उंबरठा

दुसऱ्याच्या दारात न्याय मागणाऱ्याने आपला उंबरठाही तपासून पाहावा. आपल्या राज्यघटनेने भाषणाचे, संचाराचे, स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य 'नागरिकांना' दिले आहे. परंतु जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण करणारे एकविसावे कलम 'कोणत्याही व्यक्तीला' लागू होते. अटकेची कारणे कळणे, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेणे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे, हे बाविसाव्या कलमातील हक्कही शत्रुदेशाचा नागरिक वगळता परकीयालाही आहेत.

या भेदाची कसोटी एका मिशनऱ्याच्या खटल्यात लागली. फादर लुई द राएट हे बेल्जियन नागरिक १९३७ पासून भारतात ख्रिस्ती सेवाकार्य करीत होते. सरकारने त्यांना देश सोडण्यास सांगितले, तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. १९९१ साली न्यायालयाने निर्णय दिला की, परकीयालाही एकविसाव्या कलमाचे संरक्षण आहे, मात्र या देशात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क त्याला नाही. अर्धशतकाहून अधिक काळ येथे घालविलेल्या माणसाची याचिका फेटाळली गेली, याची खंत आपल्याला वाटते. तरी कायद्याची रेषा समजून घेतली पाहिजे: परक्याला घरात ठेवावयाचे की नाही, हे घरधनी ठरवितो, पण घरात असेपर्यंत त्याच्या अंगाला अन्यायाने हात लावण्याचा अधिकार घरधन्यालाही नाही.

ही दुसरी बाजू २००० सालच्या एका निकालाने उजळली. हावडा स्थानकावर बांगलादेशातून आलेल्या एका महिलेवर रेल्वेच्याच काही कर्मचाऱ्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी अत्याचार केला होता. ती भारताची नागरिक नाही, म्हणून भरपाईला पात्र नाही, असे म्हणणे मांडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने ते झिडकारून तिला दहा लाख रुपयांची भरपाई कायम केली. परकी स्त्री ही प्रथम मनुष्य आहे, हेच न्यायालयाने सांगितले.

परकीयांविषयीचा आपला जुना १९४६ चा कायदा जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा अमलात आला आहे. कायदे बदलतात. परंतु ठाण्यात बसलेल्या शिपायाला छत्तिसावे कलम ठाऊक आहे का आणि त्याच्यापुढे उभ्या असलेल्या नायजेरियन, नेपाळी किंवा बांगलादेशी माणसाला तो ते सांगतो का, हा प्रश्न कायदा बदलला तरी तसाच राहतो.

आपल्या मुलांना काय सांगावे

मुलगा वा मुलगी परदेशी निघाली की आपण आशीर्वाद देतो, लोणच्याच्या बरण्या बांधून देतो. त्यांच्यासोबत आणखी काही गोष्टी बांधून द्याव्यात. अटकेचा प्रसंग आलाच, तर शांत राहावे आणि एकच वाक्य स्पष्ट म्हणावे: मला माझ्या देशाच्या वाणिज्यदूताला भेटावयाचे आहे. न कळणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये. फौजदारी खटल्यात विनामूल्य दुभाषा मिळण्याचा हक्क नागरी आणि राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय कराराने मान्य केला आहे. पासपोर्टची प्रत आणि जवळच्या भारतीय दूतावासाचा क्रमांक घरीही ठेवावा. २००९ पासून अनेक दूतावासांत गरजू भारतीयांच्या कायदेशीर मदतीसाठी कल्याण निधी आहे, हेही ध्यानात असू द्यावे. खलाशांसाठी कित्येक बंदरांत 'स्टेला मारिस' या कॅथलिक सेवेचे धर्मगुरू आणि स्वयंसेवक असतात; १९२० साली ग्लासगो येथे सुरू झालेले हे कार्य खलाशाचा धर्म विचारीत नाही.

वाणिज्यदूत काय करू शकत नाही, हेही जाणावे. तो बंदिवानाला सोडवून आणू शकत नाही, तेथील न्यायाधीशाला आज्ञा करू शकत नाही, गुन्हा झाला असल्यास तो पुसू शकत नाही. तो काय करतो? तो त्या माणसाला एकटे राहू देत नाही. अनोळखी भिंतींच्या आत तो त्याच्या घरचे माणूस म्हणून उभा राहतो.

आणि या हक्काला दुसरी बाजू आहे. आपल्या वाडीत, आपल्या गावात परदेशातून आलेली माणसे भाड्याने राहतात. त्यांच्यापैकी कुणाला पोलीस घेऊन गेले, तर "असेल काहीतरी केलेले" म्हणून आपण दार लावून घेतो. त्या क्षणी आठवावे की, कुठल्या तरी बंदरातील कुणी तरी माणूस आपल्या मुलाकडेही याच नजरेने पाहत असेल.

त्या दिवशी त्या मातेच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज असते, तर मी तिला सांगितले असते: "बाई, तुमच्या मुलाची भाषा तिथल्या पोलिसांना कळत नसेल. पण ज्याला ती कळते, त्याला बोलावून आणणं हे त्यांचं कर्तव्य आहे. जगातल्या बहुतेक सगळ्या देशांनी तसं लिहून दिलंय. आता ते लिहिलेलं पाळलं जातंय का, हे आपण विचारत राहायचं. आपल्या मुलासाठी, आणि दुसऱ्याच्या मुलासाठीही."